तुटण्यासाठी घडवलेला खिळा

चौकोनी पाइपवर अॅल्युमिनियमचा पत्रा बसवायचा आहे. पत्र्याला भोक पाडलं, पाइपालाही पाडलं. आता दोन्ही बांधायचे कसे? बोल्ट घातला तर पलीकडून नट लावायला हात कुठून घालणार, पाइप तर बंद. वेल्डिंग करावं तर पाइप लोखंडाचा, पत्रा अॅल्युमिनियमचा. दोघांचं जमत नाही. जुन्या पद्धतीचा भरीव रिव्हेट ठोकावा तर एका बाजूने हातोडा चालवताना दुसऱ्या बाजूने जड लोखंडी डॉली टेकवून धरायला माणूस लागतो. हा माणूस पाइपच्या आत बसवणार कसा?

अशा वेळी फिटर खिशातून एक बोटभर लांबीचा रिव्हेट काढतो, भोकात सरकवतो, त्याच्या शेपटीवर गनचं नाक बसवतो आणि खटका दाबतो. टक्. एक सेकंदही लागत नाही. पत्रा पाइपला बसलेला असतो, आणि ज्या बाजूला कोणाचाही हात पोचला नाही त्या बाजूला रिव्हेटला एक गोल फुगीर डोकं आलेलं असतं. हे डोकं कोणी घडवलं?

या रिव्हेटमध्ये वस्तू दोन असतात. एक पोकळ नळी, तिच्या एका टोकाला चपटी कडा. दुसरा त्या नळीतून आरपार गेलेला खिळा. खिळ्याचं डोकं नळीच्या पलीकडच्या टोकाबाहेर, शेपूट आपल्याकडे. गन ही शेपूट धरून आपल्याकडे ओढते, आणि त्याच वेळी तिचं नाक नळीची कडा पत्र्यावर दाबून ठेवतं. खिळ्याचं डोकं नळीच्या तोंडात घुसू पाहतं, नळी फुगते, आणि फुगलेला भाग पत्र्याला मागून आवळतो. ओढ वाढत जाते. मग खिळा तुटतो. डोकं आत अडकून राहतं, शेपूट गनमध्ये येते.

तो तुटावा म्हणूनच डोक्याजवळ त्याला मुद्दाम एक बारीक मान ठेवलेली असते, आणि मला या सगळ्या प्रकारातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. गनला माहीत नसतं की रिव्हेट पुरेसा आवळला की नाही. तिच्यात काटा नाही, मापक नाही. नेमकी किती ओढ बसली की थांबायचं, हे कारखान्यात खिळा बनवतानाच त्या मानेच्या जाडीत ठरवून ठेवलेलं असतं. ओढ त्या आकड्याला पोचली की मान जाते. मोजमाप करणारं उपकरण प्रत्येक रिव्हेटबरोबर नवं येतं आणि एकदाच मोजून मोडतं.

ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. हॅमिल्टन वायली या ब्रिटिश माणसाने 1916 मध्ये पोकळ रिव्हेट बंद करण्याच्या सुधारित पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. 1922 मध्ये तो आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ या विमान बनवणाऱ्या कंपनीत धातूच्या बांधणीचा सल्लागार म्हणून गेला. तेव्हा विमानं लाकूड-कापडातून धातूकडे वळत होती, आणि विमानाच्या सांगाड्यात बंद नळ्या आणि बंद कप्पे पदोपदी भेटतात. 1927 च्या त्याच्या पुढच्या पेटंटमध्ये आरपार ओढायचा खिळा आला. बर्मिंगहॅमच्या जॉर्ज टकर आयलेट कंपनीने ते रिव्हेट बनवले आणि ते सिस्किन नावाच्या लढाऊ विमानात बसले. पुढे नळी आणि खिळा एकत्र जोडून एकच वस्तू विकायला आली, तिला ‘पॉप’ हे व्यापारी नाव मिळालं. आज आपल्याकडच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात ‘पॉप रिव्हेट द्या’ म्हटलं की दुकानदार फक्त एवढंच विचारतो, कुठल्या मापाचा.

त्याआधीचं रिव्हेटिंग म्हणजे चार माणसांचं काम. एक भट्टीत रिव्हेट लाल करणारा, एक भोकात बसवून मागून धरणारा, आणि दोघं ठोकणारे. पॅरिसच्या आयफेल टॉवरचे 18,038 तुकडे अशाच चौकड्यांनी सुमारे 25 लाख रिव्हेट मारून जोडले. कोलकात्याचा हावडा पूलही रिव्हेटचाच. 1943 मध्ये तो वाहतुकीला खुला झाला आणि त्याच्या सांगाड्यात नटबोल्ट नाहीत. लाल रिव्हेट थंड होताना आखडतो आणि दोन पाट्या आपोआप करकचून आवळतो, ही त्या पद्धतीतली गंमत. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवर तर भट्टीवाला तापलेला रिव्हेट चिमट्याने हवेत भिरकावत असे आणि दुसरा तो डब्यात झेलत असे. 1918 च्या जूनमध्ये बेलफास्टच्या वर्कमन क्लार्क या जहाजगोदीत जॉन मॉइर या कारागिराने आपल्या टोळीच्या साथीने नऊ तासांत 11,209 रिव्हेट मारले. भागाकार करून पाहा: मिनिटाला वीसहून जास्त, आणि तेही सलग नऊ तास.

हातोड्याच्या जागी हवा आणणाऱ्यांत अमेरिकेतल्या सेंट लुईसचा जोसेफ बॉयर महत्त्वाचा. त्याच्या हवेवर चालणाऱ्या हातोड्याने गोद्यांचा आणि बॉयलर कारखान्यांचा वेग बदलून टाकला. (जाता जाता: त्याच बॉयरच्या वर्कशॉपमध्ये एका कोपऱ्यात विल्यम बरोज नावाचा आजारी, हट्टी माणूस बेरीज करणारं यंत्र घडवत बसला होता. पुढे बॉयर स्वतः त्या यंत्राच्या कंपनीचा अध्यक्ष झाला. एकाच छपराखाली हवेचा हातोडा आणि कॅल्क्युलेटरचा पूर्वज!)

आता पॉप रिव्हेटच्या गनकडे परत येऊ, कारण तिच्या पोटात एक सुंदर कोडं आहे. वर्कशॉपमधली हवा साधारण सहा किलो दाबाची असते. किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, ही आपल्या कारागिरांची भाषा. 4.8 मिलिमीटरच्या रिव्हेटचा पोलादी खिळा तोडायला तीनशे-चारशे किलोची ओढ लागते. गन तर एका हातात मावते. एवढ्याशा हवेतून एवढी ओढ आली कुठून?

गन हातात घेतली की तिच्या मुठीच्या तळाशी एक रुंद वाटोळा भाग दिसतो. त्यात हवेचा दट्ट्या आहे. समजा त्याचा व्यास 60 मिलिमीटर. म्हणजे क्षेत्रफळ साधारण 28 चौरस सेंटिमीटर. गुणिले सहा किलो, झाले सुमारे 170 किलो. खटका दाबला की हवा या दट्ट्याला वर ढकलते. दट्ट्याला जोडलेली आहे एक बारीक दांडी, समजा 10 मिलिमीटर व्यासाची, आणि ही दांडी मुठीतल्या तेलात घुसते. सगळे 170 किलो आता एका चौरस सेंटिमीटरहूनही कमी जागेवर आले. तेलातला दाब दोनशे किलोच्या पुढे जातो. हे तेल वरच्या आडव्या भागात एका दुसऱ्या दट्ट्यावर जोर देतं, तो चार चौरस सेंटिमीटरचा धरला तर ओढ आठशे किलोंच्या पुढे जाते. खिळ्याला लागते त्याच्या दुप्पट.

फुकट मात्र काही नाही. दांडीला तेलात नऊ सेंटिमीटर घुसावं लागतं तेव्हा पुढचा दट्ट्या जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर मागे सरकतो. अंतर देऊन जोर विकत घेतला. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतील. पण पास्कलने सतराव्या शतकात सांगितलेला नियम प्रत्येकात हाच. हवा चपळ आहे पण लुसलुशीत, तेल दबत नाही पण त्याला ढकलायला कोणीतरी हवं. गन दोघांची गाठ घालून देते.

आणि शेपूट धरतं कोण? गनच्या नाकामागे दोन किंवा तीन जबडे असतात, आतून करवतीसारखे दातेरी, बाहेरून निमुळते. ते निमुळत्याच कोशात बसलेले. कोश मागे ओढला की निमुळतेपणामुळे जबडे आतल्या बाजूला दाबले जातात. जितकी ओढ जास्त तितकी पकड घट्ट. पकडीसाठी वेगळी शक्ती लागतच नाही. काम संपून सगळं पुढे आलं की नाकाच्या तुकड्याचं मागचं टोक जबड्यांना टेकून त्यांना उघडं ठेवतं, शेपूट सुटते आणि मागच्या बाटलीत जाते. बऱ्याच गनमध्ये ती हवेच्या झोताने तिकडे ओढली जाते.

हे सगळं इतकं तपशिलात सांगण्याचं कारण असं की रिव्हेटगनच्या सुरक्षेचे नियम पाठ करायचे म्हटले तर फार लांबलचक यादी होते आणि भिंतीवर लावलेली ती यादी कोणी वाचत नाही. मात्र गनच्या पोटात काय चाललंय हे ठाऊक असलं की यादी आपली आपणच लिहिता येते.

खिळा तुटतो तो क्षण घ्या. तीनशे-चारशे किलोंनी ताणलेली वस्तू अचानक सुटली. जबडे झटक्याने मागे जातात, मनगटाला हिसका बसतो. तुटलेली शेपूट म्हणजे टोकाला धार असलेला पोलादाचा तुकडा, आणि त्याच्यामागे हवेचा झोत. मागची बाटली काढून काम केलं तर तो तुकडा बाटलीत जाण्याऐवजी मागे भिरकावला जातो, आणि मागे बहुतेक वेळा चालवणाऱ्याचाच चेहरा असतो. काही मॉडेलमध्ये बाटली काढली की हवा आपोआप बंद होते. आपल्या गनमध्ये ती सोय आहे की नाही हे आधीच पाहून ठेवावं. बाटली भरत आली तरी रिकामी करायचा कंटाळा करतात, मग तुकडे मागे तुंबतात आणि नाकात अडकतात. तुकडा अडकला म्हणून नाकात डोळा घालून बघणारे महाभाग मी पाहिले आहेत. हवा जोडलेली असताना हे करू नये, एवढं सांगणंही खरं तर अपमानास्पद वाटावं. पण सांगावं लागतं.

डोळ्यांसाठी चष्मा हवाच, म्हणजे बाजूने बंद असलेला संरक्षक चष्मा. नंबरचा चष्मा चालत नाही, कारण तुकडा बाजूने येतो. आणि तो फक्त गनवाल्याने लावायचा नाही, शेजारी पत्रा धरून उभा असलेल्या हेल्परनेही लावायचा. माझ्या मते आपल्या छोट्या शेडमधली सर्वांत मोठी चूक हीच: गन एकाची, चष्मा एकाचा, डोळे मात्र चार.

बोटांचं गणित वेगळं. नाक पत्र्याला टेकत असतानाच पत्रा आणि कडा यांच्यामध्ये बोट राहिलं, तर खटक्याला ते कळत नाही. पत्रे एकमेकांना चिकटवून धरायला बोटं वापरण्याऐवजी क्लॅम्प लावा. रिकामी गन माणसाकडे रोखून खटका दाबून ‘चालते का’ पाहणं हा खेळ बंद. जमिनीवर पडलेल्या शेपटांकडे कोणी लक्ष देत नाही, पण गुळगुळीत फरशीवर त्या गोल कांड्यांवरून पाय घसरतो. संध्याकाळी लोहचुंबक फिरवला की दोन मिनिटांचं काम. आणि पत्र्याच्या मागे काय आहे? बसच्या बॉडीत किंवा नियंत्रणपेटीत मागून विजेची वायर गेलेली असते. ड्रिलचं टोक आणि रिव्हेटचं फुगलेलं डोकं दोन्ही तिला भेटतात. आंधळ्या बाजूचं काम आहे म्हणून त्या बाजूची माहिती आधी काढायची.

आता हवेबद्दल. हवा फुकट मिळते म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं, आणि रिव्हेटगन मरते ती बहुतेक वेळा हवेतल्या पाण्याने.

कोकणातली जुलैची दुपार घ्या. तापमान 30 अंश, आर्द्रता 85 टक्के. अशा एका घनमीटर हवेत सुमारे 26 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. सहा किलोच्या दाबाला नेण्यासाठी सात घनमीटर हवा एका घनमीटरमध्ये कोंबावी लागते. म्हणजे तिथे 180 ग्रॅम पाणी गोळा झालं. पण 30 अंशांना एक घनमीटर जागेत वाफ मावते फक्त 30 ग्रॅम, मग ती हवा कितीही दाबलेली असो. उरलेलं दीडशे ग्रॅम पाणी जाणार कुठे? ओला पंचा पिळावा तशी कॉम्प्रेसर हवा पिळतो. मिनिटाला 200 लिटर हवा ओढणारा छोटा कॉम्प्रेसर अशा दिवशी चालू राहिला तर तासाला पाव लिटर पाणी गाळतो. थोडं टाकीत साचतं, आणि हवा अजून तापलेली असताना थोडं नळीतून पुढे सरकत गनपर्यंत जातं.

टाकीच्या तळाचा कॉक रोज उघडायचा तो यासाठी. टाकी आतून गंजली की पत्रा पातळ होतो, आणि सहा-आठ किलो दाब धरून बसलेली पातळ झालेली टाकी ही शेडमधली सर्वांत भयंकर वस्तू आहे, रिव्हेटगनपेक्षा कितीतरी. गनच्या आधी फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल सोडणारी वाटी अशी तिघांची जोडणी असते. फिल्टर पाणी धरतो, रेग्युलेटर दाब बांधून देतो, वाटी हवेत तेलाचे सूक्ष्म थेंब मिसळते. ही वाटी नसेल तर सकाळी गनच्या हवेच्या तोंडात हलक्या एअर-टूल तेलाचे दोन-तीन थेंब सोडायचे. तेवढ्यावर आतले रबरी सील टिकतात.

दाबाच्या बाबतीत एक समज खोडून काढायला हवा. रिव्हेट नीट बसत नाही म्हणून दाब सहावरून नऊवर नेणारे मिस्त्री असतात. खिळा कधी तुटायचा हे मानेच्या जाडीने ठरलेलं आहे, हे आपण पाहिलं. दाब वाढवून रिव्हेट जास्त घट्ट बसत नाही. खिळा त्याच ओढीला तुटतो, फक्त हिसका वाढतो आणि सीलचं आयुष्य घटतं. रिव्हेट बसत नसेल तर कारण दुसरीकडे आहे.

नळी काढताना आधी कॉक बंद, मग खटका दाबून उरलेली हवा सोडायची, मग जोड सोडवायचा. दाब असलेली नळी हातातून सुटली तर तिचं पितळी टोक सापासारखं नव्हे, हातोड्यासारखं आपटतं. त्याच हवेने अंगावरचा कीस झटकायची सवय तर प्रत्येक शेडमध्ये. कीस डोळ्यात जातो हा झाला लहान धोका. मोठा हा की जखमेतून किंवा कातडीला अगदी जवळून दाबाची हवा आत शिरू शकते. झटकायला ब्रश असतो.

देखभाल म्हणजे गनचं बोलणं ऐकणं. ती फार बडबडी आहे.

खिळा धरून मध्येच सटकते, शेपटीवर ओरखडे दिसतात, तर जबडे. दातांमध्ये धातूचा कीस भरलेला असतो. आधी हवा तोडायची, पुढचा भाग पान्याने उघडायचा, जबडे तारेच्या ब्रशने घासायचे, बाहेरच्या निमुळत्या बाजूला तेलाचा हात द्यायचा, परत बसवायचे. रोजच्या कामाच्या गनला हे आठवड्यातून एकदा तरी हवंच. दात झिजून गोल झाले असतील तर घासून उपयोग नाही, नवा संच घालावा. जबडे हा खर्ची पडणारा भाग आहे, सायकलच्या ब्रेकच्या रबरासारखा; त्यात जिव्हाळा ठेवू नये, असं मी लिहिणार होतो. पण खरं म्हणजे लोक ब्रेकची रबरंही वेळेवर बदलत नाहीत.

शेपूट सुटतच नाही? मग नाकाचा तुकडा चुकीच्या मापाचा आहे किंवा सैल आहे. जबडे उघडे ठेवण्याचं काम तोच करतो. 3.2, 4 आणि 4.8 मिलिमीटरच्या रिव्हेटच्या खिळ्यांची जाडी वेगवेगळी, म्हणून नाकंही वेगळी. गनच्या मुठीला किंवा खोक्यात जास्तीची नाकं दिलेली असतात, ती पहिल्याच महिन्यात हरवतात.

एका दाबात खिळा तुटत नाही, खटका दोन-तीनदा दाबावा लागतो, अशी तक्रार आली की तेल पाहा. तेल झिरपून कमी झालंय किंवा त्यात हवेचा बुडबुडा शिरलाय. तेल दबत नाही म्हणूनच सगळा खेळ चालतो. बुडबुडा मात्र दबतो. दांडी आत घुसते, बुडबुडा आक्रसतो, आणि पावणेदोन सेंटिमीटरचा पल्ला एकावर येतो. तेल भरण्याच्या स्क्रूपाशी हवा काढून तेल पूर्ण करायचं. इथे दोन गोष्टी जपायच्या. पहिली, तो स्क्रू उघडताना गन हवेला जोडलेली नको, आणि तो उघडा असताना खटका दाबायचा नाही. आत दोनशे किलोंचा दाब तयार होऊ शकतो हे आपण मोजलं. त्या दाबाची तेलाची बारीक पिचकारी कातडी भेदून आत जाते. वरून फक्त टोचल्याची खूण दिसते, आत बोट सडू शकतं. अशी जखम झाली तर हळद दाबून घरी जायचं नाही, थेट शल्यचिकित्सकाकडे जायचं आणि ‘दाबाचं तेल शिरलं’ हे सांगायचं. दुसरी गोष्ट, तेल पुस्तिकेत सांगितलेलंच. गॅरेजमध्ये हाताशी असतं म्हणून ब्रेक ऑइल घालतात; ते हायड्रॉलिक गनमधले नेहमीचे नायट्राइल रबराचे सील फुगवतं, आणि मग गन कायमची बसते.

आणि गन ठणठणीत असूनही जोड खुळखुळतो? मग भोक पाहा. 3.2 च्या रिव्हेटला 3.3 चं भोक, 4 ला 4.1, 4.8 ला 4.9. मिलिमीटरच्या दहाव्या भागाची ही जागा. भोक ढगळ असलं की नळी पत्र्यामागे फुगण्याऐवजी भोकातच ऐसपैस पसरते. रिव्हेटची लांबीही पत्र्यांच्या एकूण जाडीवर ठरते. लांब रिव्हेट घेतला की जास्त मजबूत, हा दुसरा गोड गैरसमज. एसटीच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या कार्यशाळांत बसच्या बॉडी बांधल्या जातात. जुन्या गाडीच्या पत्र्यावर रिव्हेटच्या ओळी नीट पाहिल्या तर एखाद्या सैल रिव्हेटभोवती काळपट डाग ओघळलेला दिसतो. पत्रा आणि रिव्हेट एकमेकांवर घासून झालेली ती धातूची भुकटी असते. विमान तपासणारेही नेमका हाच डाग शोधतात.

विमानाच्या मुख्य सांगाड्यात मात्र अजूनही भरीव रिव्हेट आणि ठोके मारणारी गन यांचं राज्य आहे. एका बाजूला गन, दुसऱ्या बाजूला डॉली, दोघांची ताल धरून चाललेली जुगलबंदी. यातले काही रिव्हेट चक्क फ्रीजरमध्ये ठेवतात! 2024 या क्रमांकाच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूचा रिव्हेट तापवून पाण्यात बुडवला की थोडा वेळ मऊ राहतो, मग नुसता ठेवल्या ठेवल्या आपोआप कठीण होत जातो. दहा ते वीस मिनिटांत ठोकला नाही तर नंतर ठोकताना फुटतो. थंडीत ठेवला तर हे कठीण होणं लांबतं, काही दिवस मऊ राहतो. धातूचा हा स्वभाव जर्मनीत आल्फ्रेड विल्मला 1906 मध्ये कळला.

रिव्हेटची एक ओळ किती मोलाची असते? 1978 मध्ये ओसाकाला उतरताना जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग 747 ची शेपटी धावपट्टीवर घासली. मागच्या दाबरोधक भिंतीची दुरुस्ती झाली, पण जोडपट्टी अखंड न घालता दोन तुकड्यांत घातली गेली, आणि एका जागी भार दोन ओळींऐवजी रिव्हेटच्या एकाच ओळीवर आला. बाहेरून काही दिसत नव्हतं. विमान बारा हजारांवर उड्डाणं करत राहिलं. 12 ऑगस्ट 1985 ला ती भिंत फाटली आणि 524 पैकी 520 माणसं गेली. एकाच विमानाच्या अपघातात इतकी माणसं आजवर कधी गेलेली नाहीत.

ठोके मारणाऱ्या गनचे धोके दोन प्रकारचे: एक झटक्यात येणारा, दुसरा हळू येणारा. तिच्या तोंडात स्नॅप, म्हणजे रिव्हेटला ठोके देणारा तुकडा, बसवलेला असताना, पुढे काही टेकलेलं नसताना खटका दाबला तर स्नॅप गोळीसारखा सुटू शकतो; म्हणून त्याला धरणारी स्प्रिंग कधीही काढून ठेवत नाहीत आणि काम थांबलं की स्नॅप काढतात. हे तात्काळ दिसतं. कान आणि बोटं हळूहळू जातात. 1886 मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने बॉयलरला रिव्हेट मारणारे शंभर कामगार तपासले. एकाचंही ऐकणं धड नव्हतं. 1918 मध्ये अॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरबाई इंडियानातल्या बेडफर्डला चुनखडीचा दगड हवेच्या हातोड्याने घडवणाऱ्यांकडे गेल्या, तेव्हा थंडीत त्यांची बोटं मेणासारखी पांढरी आणि बधिर पडत होती. सततच्या कंपनाने बोटांतल्या रक्तवाहिन्या आखडतात. हात उबदार ठेवणं, मध्ये मध्ये थांबणं, गन आवळून न धरता ती काम करील इतपतच धरणं आणि कामाची माणसं आलटून पालटून लावणं, हे त्यावरचे उपाय. पॉप रिव्हेटची गन या बाबतीत पुष्कळ दयाळू आहे, एका रिव्हेटला एकच हिसका. तरी दिवसाला हजार हिसके मनगट मोजतं, आणि कानाला बोळे तिलाही लागतात.

नवी गन घ्यायला दुकानात गेलात तर ती किती किलो ओढते हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा: या मॉडेलचे जबडे आणि सीलचा संच आज दुकानात आहे का, आणि तेल भरायची पद्धत दाखवणारी पुस्तिका खोक्यात आहे का. दोन्हींचं उत्तर ‘मागवून देतो’ असं आलं तर दुसरं दुकान पाहा. आणि बिलात बाजूने बंद असलेले चष्मे जोडून घ्या. दोन.